वजन कमी करायचे आहे, पण बोलायचे कोणाशी?



डॉक्टरांची तपासणी संपत आली की बहुतेकांना तीन शब्द ऐकावे लागतात : "वजन कमी करा." आपण मान हलवतो. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. आपण घरी येतो, चहा टाकतो, चहाबरोबर दोन खाऱ्या घेतो, आणि ते तीन शब्द जुन्या रिपोर्टांबरोबर खणात जाऊन पडतात. तीन महिन्यांनी काटा तिथेच असतो, नाहीतर किलोभर पुढे गेलेला असतो. मग डॉक्टरांनी काही म्हणण्याआधी आपणच म्हणतो, "काय करणार, माझाच जिभेवर ताबा नाही."

जिभेचा थोडा दोष असेलही. पण खरी अडचण बहुधा दुसरीच असते. 'कसे करू' हे विचारायला आणि 'आज जमले नाही' हे मोकळेपणी सांगायला आपल्याला माणूस नसतो. अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या ज्येष्ठांना तर हे फारच जाणवते. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर बर्फ, आणि घरात आपण व फ्रिज. म्हणून या वेळी काय खावे यापेक्षा सल्ला आणि सोबत कुठे मिळते, याबद्दल लिहीत आहे. सुरुवात एका खऱ्या गोष्टीने करते.

क्वीन्समधली सहा मैत्रिणींची बैठक

१९६१ साल. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची एक ज्यू गृहिणी राहत होती. जन्म १९२३ चा, ब्रुकलिनमधला. वडील टॅक्सी चालवत, नवरा बस चालवत असे, दोन मुलगे होते. वय ३८ आणि वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो. गोळ्या झाल्या होत्या, नाना तऱ्हेचे डाएट झाले होते. दर वेळी थोडे वजन उतरे आणि पुन्हा चढे.

एके दिवशी सुपरमार्केटमध्ये ओळखीची एक बाई भेटली. "किती छान दिसतेस!" म्हणाली आणि लगेच विचारले, "कितवा महिना?" जीन गरोदर नव्हती. तो प्रश्न तिच्या मनाला लागला. ती न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने लठ्ठपणासाठी चालवलेल्या दवाखान्यात जाऊ लागली.

तिथला आहार खात्यातल्या डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला होता. त्यात जादू काही नव्हती. तिन्ही वेळा जेवायचे, एकही वेळ चुकवायची नाही. ब्रेड मोजून. दूध साय काढलेले. गोड आणि तळलेले बंद. आणि आठवड्यातून पाच वेळा मासे! आपण कोकणातली माणसे ही शिक्षा आनंदाने भोगू. दर आठवड्याला वजन करायचे. दहा आठवड्यांत जीनचे २० पौंड, म्हणजे ९ किलो, उतरले.

पण एक गोष्ट ती दवाखान्यात सांगू शकली नाही. चॉकलेटने मढवलेली बिस्किटे तिला फार प्रिय होती. ती बिस्किटे ती न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवी आणि रात्री गुपचूप खाई. समोर बसलेल्या सडपातळ सल्लागार बाईंना हे कसे सांगणार? त्यांना ते कळेल असे तिला वाटेना.

मग तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले. सगळ्याच अंगाने भरलेल्या. त्यांच्यासमोर तिने टोपलीतल्या बिस्किटांची गोष्ट सांगून टाकली. कोणी नाक मुरडले नाही. उलट एकेकीने आपापल्या लपवाछपवीच्या कहाण्या सांगितल्या. दवाखान्यातला आहार सगळ्यांनी पाळायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटायचे, असे ठरले. मैत्रिणींनी मैत्रिणी आणल्या. दोन महिन्यांत चाळीसएक बाया जमू लागल्या. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये जीनचे वजन १४२ पौंडांवर, म्हणजे ६४ किलोंवर आले.

मे १९६३ मध्ये यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. क्वीन्समधल्याच लिटल नेक इथे पहिली जाहीर सभा झाली. खुर्च्या ५० मांडल्या होत्या आणि माणसे सुमारे ४०० आली, असे सांगतात. १९७८ मध्ये हाइन्झ कंपनीने ती विकत घेतली. जीन नायडेच २०१५ मध्ये फ्लोरिडात वारल्या, तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या. जुने वजन त्यांनी पुन्हा अंगावर येऊ दिले नव्हते.

आता नीट पाहा. आहार त्यांनी शोधला नाही, तो सरकारी डॉक्टरांचा होता. त्यांनी त्यात फक्त गोल मांडलेल्या खुर्च्यांची भर घातली. दवाखान्यात सल्ला मिळाला, घरात सोबत मिळाली, आणि दोन्ही एकत्र आले तेव्हा वजन उतरले आणि उतरलेले राहिले. नुसता सल्ला खणात पडून राहतो. नुसती सोबत असेल तर गप्पा रंगतात आणि कोणीतरी लिंबू-मधाच्या पाण्याचा नुस्खा सांगून मोकळे होते. आपल्याला दोन्ही हवे.

आपल्या घरातली टोपली

लपवलेली बिस्किटे आपल्याकडेही असतात, फक्त त्यांची नावे वेगळी. नातवाच्या ताटातले उरलेले 'टाकवत नाही' म्हणून खाल्ले. करंज्या तळताना चव पाहता पाहता चार गेल्या. दुपारी टीव्हीसमोर शेवचिवड्याचा डबा घेऊन बसलो आणि तळ कधी लागला ते कळले नाही. हे आपण डॉक्टरांना सांगत नाही आणि कधी कधी स्वतःलाही सांगत नाही. विचारले तर उत्तर एकच : "मी तर काहीच खात नाही."

आपल्या जेवणात नारळ सढळ असतो. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा, आणि रोश हशानाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला. ही आपली ओळख आहे, ती सोडायला मी सांगणार नाही. पण हिशेब माहीत असावा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि मोठा चमचाभर तेलात १२०. एलियाहू हन्नाबीचा मलिदा प्रसन्न मनाने खावा, पण एकदाच वाढून घेऊन, लहान वाटीत, आणि वर फळे जास्त.

घरच्या माणसांची सोबत सर्वांत मोलाची असते आणि सर्वांत अवघडही. सून प्रेमाने म्हणते, "आई, अजून एक घ्या ना." मुलगा काळजीने म्हणतो, "बाबा, पुन्हा भात?" एक वाढून अडवते, दुसरा टोकून. दोघांनाही काय हवे ते स्पष्ट सांगावे : "मला आग्रह करू नका आणि सगळ्यांसमोर टोकू नका. त्याऐवजी रात्री जेवणानंतर माझ्याबरोबर पंधरा मिनिटे चाला." अशी नेमकी विनंती केली की घरचेही सुटल्यासारखे होतात. मदत करायची त्यांना इच्छा असते, कशी करावी ते कळत नसते.

आधी एक सावधगिरी : आपले वय

चाळिशीतले वजन उतरवणे आणि सत्तरीतले वजन उतरवणे यांत फरक आहे. उतारवयात वजन कमी होताना चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही झिजतात. स्नायू गेले की खुर्चीतून उठता येत नाही, तोल जातो, पडणे होते आणि खुबा मोडतो. काट्यावर पाच किलो कमी दिसतील, पण त्यांतले दोन पायांच्या ताकदीचे असतील तर तो तोट्याचा सौदा.

यावर अमेरिकेत चांगला अभ्यास झाला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वर्षाच्या प्रयोगात ६५ वर्षांवरच्या १०७ स्थूल व्यक्तींचे गट केले होते. काहींना फक्त आहार, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही, आणि एका गटाला यांतले काहीच नाही. नुसता आहार पाळणाऱ्यांचे वजन उतरले, पण स्नायूंसारखे कामाचे वजनही सुमारे ५ टक्के गेले. आहाराबरोबर व्यायाम करणाऱ्यांचे ते ३ टक्केच गेले, आणि चालणे, उठणे, जिना चढणे यांत सर्वांत जास्त सुधारणा त्यांच्यातच दिसली.

म्हणून आपल्या वयात उपाशी राहून वजन उतरवू नये. रोजच्या जेवणात अंडी, मासे, चिकन, डाळ किंवा दही यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती घ्यावे ते डॉक्टरांना विचारून. चालण्याबरोबर ताकदीचा व्यायामही हवा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीत बसून, शक्यतो हाताचा आधार न घेता, हळूहळू उठणे-बसणे हासुद्धा उत्तम व्यायाम आहे. आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्यांदा कोणीतरी जवळ असू द्या.

आणखी एक. काहीही न करता सहा महिन्यांत किंवा वर्षात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरले, म्हणजे ७० किलोंच्या माणसाचे साडेतीन किलो, तर "बरे झाले" म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. त्यामागे आजार, दातांचा त्रास किंवा मनाची उदासी असू शकते.

डॉक्टरांना काय विचारावे

तीन दिवस जे जे तोंडात गेले ते वहीत लिहा. शब्बाथला लिहीत नसाल तर शनिवार सोडून इतर तीन दिवस घ्या. टोपलीतली बिस्किटेही लिहा. ती वही आणि सर्व औषधांच्या बाटल्या घेऊन जा आणि हे प्रश्न विचारा :

१. माझ्या वयाला आणि प्रकृतीला वजन कमी करणे खरोखर गरजेचे आहे का? असेल तर किती? पुष्कळांना सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के पुरतात. ८० किलोंच्या व्यक्तीचे ते चार ते साडेपाच किलो होतात. एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना आराम पडतो.

२. वजन उतरू लागले की माझ्या औषधांचे प्रमाण बदलावे लागेल का? हा प्रश्न विसरू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना जेवण कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येऊ शकते.

३. माझे वजन एखाद्या औषधामुळे किंवा थायरॉइडमुळे वाढले आहे का?

४. मला आहारतज्ज्ञाकडे पाठवाल का? अमेरिकेत नावापुढे 'आर.डी.' किंवा 'आर.डी.एन.' ही अक्षरे असलेल्या आहारतज्ज्ञांनी ठरलेले शिक्षण आणि परीक्षा पूर्ण केलेली असते. 'न्यूट्रिशनिस्ट' ही पाटी मात्र काही राज्यांत कोणीही लावू शकतो.

आहारतज्ज्ञाला आपले खरे जेवण सांगा. भात, चपाती, आमटी, वालाचे बिरडे, बांगडा, नारळ ही नावे सांगा. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, कोळंबी-खेकडे चालत नाहीत, शुक्रवारी रात्री घरात मोठे जेवण असते, हेही सांगा. नाहीतर तो बिचारा ओट्स आणि सॅलडचा कागद हाती देईल आणि तोही खणातच जाईल.

मेडिकेअरमधून मिळणारी मदत

पुष्कळ ज्येष्ठांना माहीत नसते की मेडिकेअर वजनासाठीच्या सल्ल्याचे पैसे देते. तीन सोयी लक्षात ठेवा.

पहिली, डॉक्टरांकडे नियमित भेटी. उंची आणि वजनावरून एक आकडा काढतात, त्याला बी.एम.आय. म्हणतात. तो ३० किंवा जास्त असेल तर आपल्या नेहमीच्या दवाखान्यात वजनाबद्दल समोरासमोर सल्ला मिळतो : पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, सहाव्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, आणि तोवर तीन किलो उतरले असतील तर वर्षअखेरपर्यंत दरमहा. २०११ पासून ही सोय आहे. डॉक्टर मेडिकेअरचा दर मान्य करणारे असतील तर खिशातून काही द्यावे लागत नाही. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचा बी.एम.आय. सुमारे ७० किलोंना ३० होतो, आणि पाच फूट पाच इंच उंचीला सुमारे ८२ किलोंना.

दुसरी, आहारतज्ज्ञाच्या भेटी. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर पहिल्या वर्षी तीन तास आणि पुढे दरवर्षी दोन तास मिळतात.

तिसरी सोय मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात सल्ला आणि सोबत दोन्ही आहेत : मधुमेह टाळण्याचा गट. यामागे मोठा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या २७ केंद्रांत ३,२३४ व्यक्तींवर तो झाला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. एका गटाला मेटफॉर्मिनच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला एक मार्गदर्शक दिला आणि ध्येय ठेवले : वजन ७ टक्क्यांनी कमी करायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. काहीच औषध नसलेल्या गटाच्या तुलनेत गोळ्यांनी मधुमेहाचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, तर मार्गदर्शक असलेल्यांत ५८ टक्क्यांनी. आणि ज्यांचे वय ६० किंवा जास्त होते, त्यांच्यात ७१ टक्क्यांनी. म्हणजे सर्वांत चांगले विद्यार्थी म्हातारेच निघाले! "या वयात आता काय बदलणार" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

दहा वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा उतरलेले बरेचसे वजन परत आले होते. तरीही मधुमेहाचे प्रमाण त्या गटात कमीच होते. म्हणून दोन किलो परत आले तर सगळे पाण्यात गेले असे समजू नका. पुन्हा सुरुवात करा.

हेच वर्ग आता गटात चालतात, पुष्कळ गावांत वाय.एम.सी.ए.मध्येही. एप्रिल २०१८ पासून मेडिकेअर त्यांचे पैसे देते. पहिल्या सहा महिन्यांत १६ वर्ग आणि नंतर दरमहा एक. त्यासाठी मधुमेह झालेला नसावा, पण साखर सीमेवर असावी (उदाहरणार्थ, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी 'ए-वन-सी' ५.७ ते ६.४), आणि बी.एम.आय. २५ असावा. मात्र आशियाई व्यक्तींसाठी तो २३ धरतात. कारण आपल्या भागातल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो. चरबी पोटावर साठते आणि हातपाय काटकुळे राहतात.

इथे आपल्या लोकांची एक गंमत होते. फॉर्मवर वंश विचारला की काही जण 'ज्यू' म्हणून दुसराच चौकोन भरून येतात. आपण ज्यू आहोतच. पण आपले शरीर पिढ्यान् पिढ्या कोकणच्या भातावर आणि उन्हात घडले आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा : "माझे घराणे भारतातले आहे." पाच फूट उंचीला २३ म्हणजे सुमारे ५३ किलो, आणि पाच फूट पाच इंचाला ६३. हा आकडा साखर तपासून घेण्यासाठी आहे. त्या आकड्यापाशी असलेल्या प्रत्येक आजीने जेवण तोडावे असा त्याचा अर्थ नाही.

ज्यांची मेडिकेअर खासगी कंपनीच्या प्लॅनमधून आहे त्यांनी कार्डामागच्या नंबरवर विचारावे. काही प्लॅनमध्ये ज्येष्ठांसाठी व्यायामशाळेची फी माफ असते. मेडिकेअरचा स्वतःचा नंबर १-८००-६३३-४२२७ आहे.

मेडिकेअर नसेल तर? इंग्रजी येत नसेल तर?

मुलांकडे नव्याने आलेल्या आईवडिलांना मेडिकेअर नसते. त्यांनी गावातले सरकारी मदतीवर चालणारे 'कम्युनिटी हेल्थ सेंटर' शोधावे. तिथे उत्पन्नाप्रमाणे फी घेतात. 'सीनियर सेंटर' तर बहुतेक गावांत असते. साठीच्या पुढच्या लोकांसाठी तिथे दुपारचे जेवण, व्यायामाचे वर्ग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे असतात. जवळचे केंद्र कुठे आहे ते १-८००-६७७-१११६ या नंबरवर सांगतात. ज्येष्ठांच्या सोयी शोधून देण्यासाठीच ती सरकारी सेवा आहे. जेवण कोशर आहे का हे आधी विचारावे. नसेल तर डबा घेऊन जावे आणि व्यायामात बसावे.

भाषेची लाज बाळगू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळांना आणि दवाखान्यांना दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो. पुष्कळदा तो फोनवर असतो. भेटीची वेळ ठरवतानाच "मराठी" असे सांगून ठेवा. नातीला दुभाषी करू नका. तिच्यासमोर टोपलीतली बिस्किटे सांगता येत नाहीत.

कंपन्यांच्या गटांखेरीज स्वस्त गटही आहेत. 'टॉप्स' हा मिलवॉकी शहरात १९४८ मध्ये एस्थर मान्झ या गृहिणीने सुरू केलेला गट वेट वॉचर्सपेक्षाही जुना आहे आणि नफ्यासाठी चालत नाही. 'ओव्हरईटर्स अॅनॉनिमस' १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. मन उदास झाले की हात आपोआप खाण्याकडे जातो, अशांना तो उपयोगी पडतो. त्याला फी नाही.

कोणाचे ऐकू नये

"महिन्यात दहा किलो" म्हणणाऱ्याचे ऐकू नये. आपल्या वयात आठवड्याला पाव ते अर्धा किलो भरपूर झाले. पावडरीचे डबे विकणाऱ्या मैत्रिणीचे ऐकू नये. तिची मैत्री खरी असेल, पण सल्ल्यात कमिशन आहे. टीव्हीवर दिसणारी पोट सपाट करणारी चहाची पुडी घेऊ नये. तिच्यात बहुधा जुलाबाचे औषध असते, आणि अंगातले पाणी गेले म्हणजे वजन कमी झाले असे नव्हे.

आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळेच बोलतात. ती खरी औषधे आहेत आणि काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण भूक इतकी मरते की वृद्ध माणूस पुरेसे खात नाही, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, स्नायूही उतरतात. घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. दुसऱ्याच्या फ्रिजमधले पेन मात्र कधी वापरू नका.

आणि उपासाचे : मधुमेह असणाऱ्यांनी योम किप्पूरच्या आधी डॉक्टरांशी बोलावे. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, आपल्या धर्मात उपासापेक्षा मोठे आहे. वजन उतरवायचे म्हणून उपास लांबवणे तर मुळीच नको.

आपल्या खुर्च्या आपणच मांडू

जीन नायडेचची कंपनी पुढे फार मोठी झाली आणि २०२५ मध्ये कर्जापायी कोर्टाची पायरीही चढली. पण सहा मैत्रिणी आणि सात खुर्च्या यांवर कोणाची मालकी नाही. हे आपण अमेरिकेत करू शकतो, तसेच ठाण्यात आणि लोदमध्येही.

पाच-सहा जण पुरेत. सिनेगॉगमधले, इमारतीतले किंवा फक्त फोनवरचे. रविवारची सकाळ ठरवा. शब्बाथला वजन नको, लिहिणे नको. थंडीत बाहेर पडता येत नसेल तर फोनवर भेटा. नियम थोडेच ठेवा :

वजन ज्याने त्याने एकट्याने करावे आणि हवे तरच सांगावे.

प्रत्येकाने दोन गोष्टी सांगाव्यात : या आठवड्यात काय जमले आणि काय जमले नाही.

कोणी कोणाला हसायचे नाही. इथले बाहेर सांगायचे नाही.

औषधांचा सल्ला एकमेकांना द्यायचा नाही आणि काही विकायचे नाही.

बैठकीला खायचे ठेवायचे नाही. हा नियम आपल्या लोकांना सर्वांत जड जाईल! चहा चालेल.

शेवटची दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून खुर्चीवरून उठ-बस करावी किंवा चालावे.

महिन्यातून एकदा एखाद्या आहारतज्ज्ञाला बोलवा, निदान फोनवर प्रश्न विचारा. म्हणजे सोबतीत सल्ला राहील.

एकटे राहणाऱ्या पुरुषांना विसरू नका. पत्नी गेल्यावर काही जण दिवसभर ब्रेड-बटर आणि बिस्किटांवर काढतात आणि गटात यायला लाजतात. त्यांना "वजनाच्या गटात या" म्हणू नका. "रविवारी आमच्याबरोबर चालायला या" म्हणा. उरलेले आपोआप होईल.

हे वाचून झाल्यावर एकच काम करा. डाएट उद्यापासून सुरू करू नका. ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येते अशा एका माणसाला आज फोन करा आणि आपली टोपली कुठे आहे ते सांगून टाका. बहुधा पलीकडून हसू येईल आणि मग त्यांची टोपलीही कळेल. पुढच्या रविवारची वेळ तेव्हाच ठरवून टाका.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.